ग्रंथालयात मदत टेबल: ग्रंथपालांना सामाजिक कामासाठी तयार करण्याचा नेमका क्रम

अडचण घेऊन येणाऱ्या माणसाला योग्य कार्यालयाशी किंवा संस्थेशी जोडून देणारं मदत टेबल सुरू करण्याचं काम मुंबईतल्या वाचनालयांत बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होतं. आधी दारावर 'येथे नागरिकांना सर्व प्रकारची मदत मिळेल' असा फलक लागतो. मग एका रविवारी पाहुण्यांचं दोन तासांचं व्याख्यान होतं आणि कर्मचाऱ्यांना प्रमाणपत्रं मिळतात. त्यानंतर पहिली बाई येते, नवऱ्याने घराबाहेर काढलेली, आणि काउंटरवरच्या सहायकाला तिला कुठे पाठवायचं हेच माहीत नसतं. तो आपल्या परीने काहीतरी सांगतो, ती तिथे जाते, खिडकी बंद असते, आणि ती पुन्हा येत नाही.

खरा क्रम असा: आधी कामाची हद्द, मग परिसरातल्या सेवांची तपासलेली यादी, मग जागा आणि कागद, मग प्रशिक्षण, आणि फलक सगळ्यात शेवटी. या सगळ्याला साधारण साडेतीन महिने लागतात. घाई केली तर ते नीट होत नाही.

अपेक्षाही आधीच स्पष्ट हवी. ग्रंथपालाला समाजकार्यकर्ता बनवायचं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९ मध्ये पूर्णवेळ समाजकार्यकर्ती नेमली, ग्रंथपालांच्या गळ्यात ते काम घातलं नाही. आपल्याकडे अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाला असं पद परवडणार नाही, म्हणून कर्मचाऱ्यांनी शिकायच्या गोष्टी चारच: नीट ऐकणं, प्रश्न ओळखणं, योग्य माणसाशी जोडून देणं आणि पुढे काय झालं ते विचारणं. संदर्भ सेवा देणाऱ्या माणसाला यातलं अर्धं येतंच. वाचक 'इतिहासाचं पुस्तक द्या' म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय हवंय हे दोन प्रश्नांत काढून घेण्याचं कसब इथेही लागतं.

टप्पा १: हद्द ठरवा आणि ठराव करा (पहिला आठवडा)

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत लेखी ठराव हवा. तोंडी होकार चालणार नाही, कारण पहिली तक्रार आली की तो कोणी दिला होता हे कुणालाच आठवत नाही. ठरावात पाच गोष्टी असाव्यात: टेबलाचे वार आणि वेळ, जबाबदार व्यक्तीचं पदनाम, काय करायचं, काय करायचं नाही, आणि धोक्याच्या प्रसंगी निर्णय कोणी घ्यायचा.

'करायचं नाही' ही यादी जास्त महत्त्वाची आहे. निदान एवढं तरी तिच्यात हवं:

- कुणालाही स्वतःच्या खिशातून पैसे किंवा उसने देणे
- मूळ कागदपत्रं ठेवून घेणे, 'उद्या घेऊन जा' म्हणून एका रात्रीसाठीसुद्धा
- नवरा-बायको, सासू-सून, भाऊ-भाऊ यांच्यात मध्यस्थी करणे
- अर्जावर साक्षीदार किंवा जामीनदार म्हणून सही करणे
- दुसऱ्याचा ओटीपी किंवा पिन आपण टाकणे
- वैयक्तिक मोबाइल नंबर देणे
- कुठल्याही पक्षाच्या वा नगरसेवकाच्या कार्यालयाचं काम टेबलावरून चालवणे

शेवटचा मुद्दा मुंबईत कागदावर असायलाच हवा. योजनांचे अर्ज भरून देणं हा इथे राजकीय कामाचाही भाग असतो, आणि निवडणुकीच्या आसपास 'तुमच्या टेबलावर आमचे फॉर्म ठेवा' अशी विनंती येते. ठराव हातात असला की नकार देणं सोपं जातं.

*तपासा:* ठरावाची प्रत काउंटरच्या खणात आहे का? शिपाईकाकांनी ती वाचली आहे का? लोक पहिला प्रश्न ग्रंथपालाला विचारत नाहीत, दाराशी बसलेल्या माणसाला विचारतात.

टप्पा २: सेवांची यादी तयार करा (दुसरा ते पाचवा आठवडा)

चुका सगळ्यात जास्त इथेच होतात, म्हणून वेळही इथेच जास्त द्या. इंटरनेटवरून उतरवलेली दीडशे संस्थांची यादी निरुपयोगी असते. त्यातले निम्मे नंबर लागत नाहीत, आणि उरलेल्या संस्था तुमच्या भागात काम करत नाहीत. पंचवीस ते तीस नोंदी पुरतात, पण प्रत्येक नोंद कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन किंवा निदान फोन करून तपासलेली हवी.

प्रत्येक नोंदीत हे रकाने ठेवा: कुठलं काम होतं, कोणत्या पदावरच्या व्यक्तीला भेटायचं, खिडकी वा खोली क्रमांक, वार आणि वेळ, कोणते कागद लागतात, जिने चढावे लागतात का, जवळचं स्टेशन किंवा बस थांबा, आणि शेवटचं तपासल्याची तारीख. व्यक्तीचं नाव लिहू नका, पदनाम लिहा. बदली झाली की नाव फसवतं. जिन्यांचा रकाना अनेकांना फालतू वाटतो. गुडघे गेलेल्या आजींना तिसऱ्या मजल्यावरच्या विनालिफ्ट कार्यालयात पाठवून बघा, मग कळेल.

*हद्दीचा घोळ.* मुंबईत एका पत्त्यावर चार वेगवेगळ्या हद्दी लागू होतात: जिल्हा, महापालिकेचा विभाग, शिधावाटप कार्यालय आणि पोलीस ठाणे. त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा भाग मुंबई शहर जिल्ह्यात येतो आणि त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टात आहे. वांद्र्यापासून पुढचा भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात येतो. त्याचं कार्यालय वांद्रे पूर्वेला आणि तालुके अंधेरी, बोरीवली, कुर्ला. धारावी शहर जिल्ह्यात आहे, पण खाडी ओलांडली की जिल्हा बदलतो. म्हणून धारावीतल्या माणसाला 'जवळ आहे' म्हणून वांद्र्याला पाठवलं की त्याचा एक दिवस वाया जातो, आणि रोजंदारीवरच्या माणसाचा तर त्या दिवसाचा रोजही बुडतो. वाचनालयात येणारा माणूस वाचनालयाच्या हद्दीत राहतोच असं नाही. पत्ता विचारूनच नोंद काढा.

यादीत या जागा असायलाच हव्यात:

- तहसील कार्यालय (उत्पन्नाचा दाखला, निराधारांसाठीची संजय गांधी निराधार आणि ज्येष्ठांसाठीची श्रावणबाळ या मासिक अनुदानाच्या योजना) आणि जवळचं आपले सरकार सेवा केंद्र
- शिधावाटप कार्यालय. गावाकडे रेशन कार्डाचं काम तहसीलमध्ये होतं, मुंबईत स्वतंत्र कार्यालयात; नव्याने आलेले लोक इथे हमखास चुकतात
- महापालिकेच्या विभाग कार्यालयातले समाज विकास अधिकारी (रात्र निवारे, बचत गट)
- जवळच्या मोठ्या पालिका रुग्णालयातला वैद्यकीय समाजसेवा विभाग. केईएम, शीव, नायर या तिन्ही ठिकाणी तो आहे, आणि उपचाराच्या खर्चाची अडचण असेल तर पहिली भेट तिथे, डॉक्टरांच्या केबिनबाहेर नव्हे
- जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते
- पोलीस ठाण्यातला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, जिथे असेल तिथे
- बालकल्याण समिती (शहरासाठी डोंगरी, उपनगरासाठी मानखुर्द)

आणि टेलिफोनशेजारी भिंतीवर, मोठ्या अक्षरांत: ११२ तातडीची मदत, १०८ रुग्णवाहिका, १०९८ मुलांसाठी, १८१ महिलांसाठी, १४५६७ ज्येष्ठांसाठी, १४४१६ टेली-मानस (मानसिक आरोग्य), १५१०० कायदेशीर मदत, १९३० सायबर फसवणूक, १९४७ आधार.

*सावधान:* योजनांच्या रकमा आणि मुदती भिंतीवर लिहू नका, त्या बदलतात. अटी लिहिताना शेजारी तारीख घाला. उदाहरणार्थ, संजय गांधी निराधारमध्ये सर्वसाधारण अर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आणि राज्यात १५ वर्षांचा रहिवास अशी अट आहे; वय ६५ झालं की श्रावणबाळकडे जायचं. अपंग अर्जदारांसाठी उत्पन्नाची मर्यादा वेगळी, ५०,००० रुपये. हा फरक माहीत नसला की पात्र माणसाला काउंटरवरूनच 'तुमचं बसत नाही' असं सांगून परत पाठवलं जातं. पात्र की अपात्र हे ठरवणं आपलं काम नाही. शंका असेल तर अर्ज करू द्या.

टप्पा ३: जागा आणि कागद

कोपरा असा निवडा की बोलणं ऐकू जाणार नाही, पण माणसं दिसतील. बंद दाराची खोली नको: आत बसलेल्या बाईलाही ती अडचणीची आणि कर्मचाऱ्यालाही. दोन खुर्च्या समोरासमोर नकोत, काटकोनात ठेवा. मध्ये काउंटर आला की माणूस आपोआप 'साहेबांपुढे' उभा राहिल्यासारखं बोलतो. पाण्याची बाटली, कागद, पेन, भिंतीवर घड्याळ. वृत्तपत्रांच्या टेबलाशेजारचा कोपरा मात्र टाळा. तिथे सकाळी बसणाऱ्या मंडळींचे कान तीक्ष्ण असतात आणि गल्लीत बातमी पोचायला त्यांना अर्धा तास पुरतो.

नोंदीसाठी एका पानाचा तक्ता, त्यात फक्त सहा रकाने: अनुक्रमांक, तारीख, प्रश्नाचा प्रकार, कुठे जोडून दिलं, पुन्हा संपर्काला परवानगी आहे का, पुढे काय झालं. नाव आणि फोन वेगळ्या वहीत, त्याच अनुक्रमांकासमोर, आणि ती वही कुलपात. जात, धर्म, आजाराचं नाव, नवऱ्याचं नाव यातलं काही लिहायचं नाही. आधारची झेरॉक्स ठेवायची नाही, 'रेकॉर्डसाठी' म्हणूनही नाही. फोनची माहिती संगणकावर टाकणार असाल तर २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा लक्षात ठेवा. वहीच बरी.

*तपासा:* झेरॉक्स मशीनच्या काचेखाली कुणाचा कागद राहिलाय का? सार्वजनिक संगणकावरच्या 'डाउनलोड' फोल्डरमध्ये कुणाचं पॅन कार्ड, कुणाचं पासबुक पडलंय का? व्हॉट्सॲप वेब उघडंच राहिलंय का? ही तपासणी रोज बंद करताना करायची. मदत टेबल सुरू झाल्यावर अशा फायली दुपटीने साचतात.

टप्पा ४: प्रशिक्षण (सहावा ते नववा आठवडा)

सलग दोन दिवसांची कार्यशाळा नको. दोन-दोन तासांची सहा सत्रं घ्या, चार आठवड्यांत विभागून, शक्यतो सकाळी वाचनालय उघडण्याआधी. मधल्या दिवसांत शिकलेलं काउंटरवर वापरून बघता येतं, आणि पुढच्या सत्रात खरे प्रश्न येतात. शिपाई, लेखनिक, सफाई कर्मचारी यांना किमान पहिली तीन सत्रं सक्तीची.

शिकवायला कोण? देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन इथे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण चालतं, आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संस्थांमध्ये क्षेत्रकार्य करावं लागतं. शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधीच क्षेत्रकार्य विभागाला पत्र द्या. सप्टेंबरात गेलात तर जागा वाटून झालेल्या असतात. विद्यार्थी मिळाले तरी टेबल त्यांच्यावर सोडून देऊ नका. ते परीक्षेला गेले की काम थांबतं, आणि तेव्हा कर्मचारी पहिल्या दिवसाइतकेच कोरे असतात.

*सत्र १: ऐकणं.* अर्धा वेळ सरावाला. तिघातिघांचे गट: एक अडचण सांगणारा, एक ऐकणारा, एक फक्त बघणारा. बघणाऱ्याने मोजायचं: ऐकणाऱ्याने पहिला सल्ला किती सेकंदांत दिला? पहिल्या फेरीत बहुतेक जण मिनिटाच्या आत सल्ला देतात. निदान तीन मिनिटं सल्ला न देता ऐकणं जमेपर्यंत फेऱ्या चालू ठेवा.

काही वाक्यं बदलावी लागतात. 'घाबरू नका, सगळं ठीक होईल' याऐवजी 'बसा मावशी, निवांत सांगा. घाई नाहीये.' 'तुम्ही आधी का नाही आलात?' हे वाक्य तर कायमचं बंद. 'का' ने सुरू होणारा प्रश्न आरोपासारखा लागतो, 'कधीपासून?', 'आत्ता काय झालं?' असं विचारा. आणि लिहून घेण्याआधी विचारायचं: 'मी थोडं टिपून घेतलं तर चालेल ना?'

*सत्र २: प्रश्नामागचा प्रश्न.* 'रेशन कार्डात नाव घालायचंय' म्हणणारी बाई कधी सासरच्या कार्डातून नाव कापलं गेल्याने आलेली असते. 'अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत?' असं रोज विचारणाऱ्या मुलाला कधी घरी जायचं नसतं. खणून काढायचं नाही, फक्त दार उघडं ठेवायचं: 'आणखी काही अडचण आहे का?' एवढा एकच प्रश्न, आणि मग दहा सेकंद गप्प. ते दहा सेकंद सगळ्यांना जड जातात, म्हणून त्यांचाही सराव करून घ्या.

*सत्र ३: कागद आणि अर्ज.* इथे प्रत्यक्ष अर्ज भरून बघायचे, प्रत्येक कर्मचाऱ्याने तीन. अर्ज अडकण्याची कारणं बहुधा तीच असतात: आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव यात फरक, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली, आणि बँक खातं. खातं आधारशी जोडलेलं असणं आणि ते शासकीय अनुदान थेट जमा होण्यासाठी (डीबीटी) निवडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'आधार लिंक आहे हो' म्हणणाऱ्याचे पैसे भलत्याच जुन्या खात्यात जात असतात. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी कुठलं खातं जोडलंय?' असं विचारायला सांगा.

लाडकी बहीणसारख्या योजनेची पडताळणी सुरू झाली की तिच्या नावाने बनावट वेबसाइटही फिरू लागतात. संगणकावर अधिकृत पत्ते आधीच खूण करून ठेवा. शोधून उघडायचं नाही. फसवणूक होऊन गेली असेल तर आधी १९३० वर फोन, बाकी सगळं नंतर. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे मधेच गोठवले जाण्याची शक्यता जास्त. माणूस रडत असतो, आपण धीर देत बसतो, आणि तेवढ्यात रक्कम तीन खाती पुढे सरकते.

*सत्र ४: मुलं.* हे सत्र वकील किंवा बालसंरक्षणात काम करणाऱ्या व्यक्तीकडूनच घ्या. पोक्सो कायदा, २०१२, कलम १९: अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी शंका आली, तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. अत्याचार करणारा आपल्याच संस्थेतला हाताखालचा माणूस असेल आणि प्रमुखाने कळवलं नाही, तर शिक्षा एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही.

म्हणून मुलाला 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीही द्यायचं नाही. म्हणायचं असं: 'तू सांगितलंस ते बरं केलंस. तुला सुरक्षित ठेवायला मला एक-दोन मोठ्या माणसांना सांगावं लागेल, आणि कुणाला सांगतोय ते मी तुला आधी सांगेन.' तपशील खोदून विचारायचा नाही. मुलाने सांगितलं तसंच, त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहायचं. त्याची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एक ओळही नको.

हरवलेलं किंवा एकटं मूल वाचनालयात सापडलं, तर बालन्याय कायद्यानुसार २४ तासांच्या आत चाइल्डलाइन (१०९८), पोलीस किंवा बालकल्याण समितीला कळवावं लागतं. 'आज रात्री आमच्या घरी राहू दे, उद्या बघू' ही माया अंगाशी येते.

*सत्र ५: घरातली हिंसा आणि जीव देण्याचे विचार.* सज्ञान स्त्रीच्या बाबतीत नियम उलटा आहे: ती सांगेल तेवढंच, ती म्हणेल तेव्हाच. तिच्या संमतीशिवाय पोलिसांना फोन केला तर घरी गेल्यावर तिचं काय होईल, याचा विचार आपल्याला करता येत नाही, ती करू शकते. अपवाद एकच, आत्ता इथेच जिवाला धोका असेल तर ११२. तिला पत्रक देऊ नका. ते पिशवीत सापडतं. नंबर एखाद्या दुकानाच्या नावाने सेव्ह करायला सांगा. 'फोन केला तर चालेल? किती वाजता? दुसऱ्याने उचलला तर काय सांगू?' हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तिला कधीच फोन करायचा नाही. 'पुस्तकाची मुदत संपली आहे' हे वाचनालयाला फार सोयीचं निमित्त आहे. तिला सभासद मात्र करून घ्या.

अभ्यासिकेतल्या स्पर्धा परीक्षांच्या मुलांकडे निकालाच्या आठवड्यात विशेष लक्ष हवं. अचानक सगळ्या नोट्स वाटून टाकणं, अनामत परत मागणं, 'आता काही उपयोग नाही' अशी भाषा. शंका आली तर सरळ विचारायचं: 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच्यासोबत बसून १४४१६ लावायचा, घरच्या किंवा जवळच्या एका माणसाला त्याच्या समोरच फोन करायचा. साधन हाताशी असेल किंवा वेळ ठरवलेली असेल तर थेट ११२ किंवा जवळचं रुग्णालय. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यावर गुन्हा दाखल होईल या भीतीने लोक लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ अशा व्यक्तीला तीव्र तणावाखाली असल्याचं गृहीत धरून शिक्षेपासून संरक्षण देतं, हे घरच्यांना सांगा.

*सत्र ६: बेघर आणि भ्रमिष्ट वाटणारी माणसं.* पावसाळ्यात वाचनकक्षात झोपलेल्या माणसावरून वाद होतोच. नियम सगळ्यांना सारखा हवा: झोपायचं नाही, तर डुलक्या घेणाऱ्या जुन्या सभासदांनाही नाही. कपड्यांवरून माणूस हुसकायचा नाही. पहिला फोन पोलिसांना करण्याची सवय मोडा. राज्यात १९५९ चा भिक्षा प्रतिबंध कायदा लागू आहे, आणि मदत मागणारा माणूस त्यात अडकू शकतो. आधी समाज विकास अधिकारी आणि निवारा. माणूस मानसिक आजाराने भरकटलेला आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारा असेल, तर २०१७ च्याच कायद्याचं कलम १०० पोलिसांवर जबाबदारी टाकतं: त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. फोन करताना ते कलम सांगा, फरक पडतो.

*तपासा:* सत्रांनंतर प्रत्येक कर्मचाऱ्याला चार प्रसंग तोंडी द्या आणि 'पहिला फोन कुणाला?' एवढंच विचारा. चारही बरोबर येईपर्यंत त्याला टेबलावर बसवू नका.

टप्पा ५: टेबलावरचा क्रम

१. बसायला सांगा, स्वतःचं नाव आणि काम सांगा. 'मी इथला सहायक ग्रंथपाल. सरकारी अधिकारी नाही.'

२. पाच मिनिटं ऐका.

३. ऐकलेलं परत सांगा: 'म्हणजे पेन्शन तीन महिने आलं नाही, आणि बँक म्हणते हयातीचा दाखला नाही. बरोबर?' निम्म्या वेळा इथे दुरुस्ती होते.

४. धोका आहे का ते ठरवा. असला तर बाकीचा क्रम सोडा.

५. यादीतून एक ठिकाण द्या, फार तर दोन. पाच नंबरांची चिठ्ठी म्हणजे एकही न दिल्यासारखं.

६. त्यांच्यासमोर फोन करा. 'उद्या अकराला एक आजोबा येतील, कागद पाहून ठेवलेत' एवढं सांगितलं की खिडकीवरची वागणूक बदलते. नुसती चिठ्ठी देणं आणि जोडून देणं यात फरक असतो तो इथेच.

७. न्यायचे कागद मोठ्या अक्षरांत, मराठीत, लिहून द्या. मूळ आणि झेरॉक्स असं वेगळं लिहा.

८. 'पुढच्या मंगळवारी काय झालं ते सांगाल?' असं म्हणून दिवस ठरवा.

एका माणसाला वीस ते पंचवीस मिनिटं. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर प्रश्न आपल्या आवाक्याबाहेरचा आहे किंवा आपणच समुपदेशन करू लागलो आहोत.

टप्पा ६: फलकाशिवायचे सहा आठवडे

आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास, फक्त सभासद आणि त्यांच्या घरच्यांसाठी. एकट्याने टेबल चालवायचं नाही. दुसरा कर्मचारी नजरेच्या टप्प्यात हवा. देवघेवीच्या गर्दीची वेळ, म्हणजे बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सहानंतरची, टाळा. नाहीतर पुस्तक बदलायला आलेले लोक रांगेत चुळबुळतात आणि टेबलावरचा माणूस अर्ध्यात उठतो.

सहा आठवड्यांनी तक्ता उघडून बघा. 'पुढे काय झालं' हा रकाना निम्म्याहून जास्त कोरा असेल तर फलक लावू नका, कारण लोक कुठे पोचले हेच आपल्याला ठाऊक नाही. एकाच कार्यालयातून माणसं पुन्हा पुन्हा हात हलवत परत येत असतील, तर कुणीतरी तिथे जाऊन यादीतली नोंद दुरुस्त करा.

टप्पा ७: रोजचं चालवणं

दर पंधरा दिवसांनी अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसायचं, शक्य असेल तर बाहेरच्या समाजकार्यकर्त्यासोबत. नावं न घेता अवघड प्रसंग बोलायचे. एखाद्याने सलग दोन वाईट गोष्टी ऐकल्या असतील तर त्याला आठवडाभर टेबलावरून काढून देवघेवीला बसवा. चिडचिड, रजा, 'या लोकांना काही सांगून उपयोग नाही' अशी भाषा या थकव्याच्या पहिल्या दिसणाऱ्या खुणा.

लोक मिठाईचा पुडा आणतात, शंभराची नोट पुढे करतात. एकदा घेतलं की पुढच्या माणसाला वाटतं इथेही द्यावे लागतात. हात जोडून परत करा. पुडा फारच आग्रहाने आला तर तो उघडून वाचनकक्षातल्या सगळ्यांना वाटा, देणाऱ्यासमोर.

सेवांची यादी दर तीन महिन्यांनी तपासायची: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. दर वेळी दहा नोंदींना फोन, तीन ठिकाणी प्रत्यक्ष भेट, आणि तारखेचा रकाना बदलायचा. सहा महिन्यांपेक्षा जुनी तारीख असलेली नोंद लाल पेनाने खोडून ठेवा आणि तपासल्याशिवाय कुणालाही देऊ नका. कर्मचारी सोडून गेला की त्याच्या जागी येणाऱ्याला सहाही सत्रं पुन्हा, आणि पहिले आठ दिवस फक्त शेजारी बसून ऐकणं. नावांच्या वहीची किल्ली त्याच दिवशी जुन्याकडून परत घ्यायची.